शिबिरातल्या दादाचा बायोडेटा

बेंगळुरूहून होसूर रस्त्याने निघालं आणि चंदापुऱ्याला उजवीकडे वळलं की आनेकलची वाट लागते. शहराच्या मध्यापासून अंतर जेमतेम 35 किलोमीटर. एका अंगाला बोम्मसंद्र आणि जिगणीचे कारखाने, दुसऱ्या अंगाला बन्नेरघट्टाचं सुमारे 260 चौरस किलोमीटरचं जंगल आणि खाली लगेच तमिळनाडूची हद्द. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कर्नाटकातल्या शाळा सुटल्या की या पट्ट्यातल्या शेतघरांत, रिसॉर्टांत, जंगलालगतच्या तंबूंत मुलांची उन्हाळी शिबिरं भरू लागतात. जाहिरातीत आईवडिलांना दोराला लोंबकळणारी मुलं दिसतात, तिरंदाजी दिसते, शेकोटी दिसते. फोटोच्या कडेला टोपी घालून, गळ्यात शिट्टी अडकवून उभा असलेला वीस-एकवीस वर्षांचा पोरगा किंवा पोरगी मात्र कुणाच्या नजरेत भरत नाही.

मराठी शिबिरात त्यांना दादा-ताई म्हणतात, कन्नड शिबिरात अण्णा-अक्का. कागदोपत्री ते ‘कॅम्प कौन्सेलर’ किंवा नुसतेच ‘व्हॉलंटियर’ असतात. घरी मात्र त्यांच्या या कामाची संभावना एकाच शब्दात होते: टाइमपास. सुट्टी आहे, चार पैसे मिळतात, पोरांबरोबर उनाडक्या करतोय, करू दे. मुलगा पायथनचा किंवा डेटा अ‍ॅनॅलिटिक्सचा ऑनलाइन कोर्स करत असता तर शेजाऱ्यांना कौतुकाने सांगितलं असतं. हे गणित चुकीचं आहे, आणि ते चुकीचं का आहे हे कळायला त्या शिट्टीवाल्या दादाचा एक दिवस नीट पाहावा लागेल.

सकाळी बस उतरते. पंचवीस मुलं, पंचवीस पाठीवरच्या पिशव्या, आणि एक यादी. त्या यादीत कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, कुणाच्या पिशवीत दम्याचा इनहेलर आहे, कोण झोपेत चालतं, हे सगळं लिहिलेलं असतं. दादाला ते तोंडपाठ हवं. कारण नाश्त्याची चटणी ताटात पडेपर्यंत यादी शोधायला वेळ नसतो. मग जोड्या लावायच्या, म्हणजे प्रत्येक मुलाला एक जोडीदार, आणि दर अर्ध्या तासाने मोजदाद. ‘सगळे आहेत ना रे?’ असं विचारून चालत नाही, डोकी मोजावी लागतात. दुपारी आभाळ भरून येतं. बेंगळुरूच्या एप्रिल-मे महिन्यांतला वळीव वेळापत्रक विचारून येत नाही. तिरंदाजी रद्द, आणि पुढच्या दहा मिनिटांत पंचवीस मुलांना पत्र्याखाली बसवून असा काही खेळ काढायचा की कुणी ‘बोअर होतंय’ म्हणता कामा नये. हातात साहित्य म्हणजे दोन चेंडू, एक चादर आणि जेवणाच्या ताटल्या.

खरी परीक्षा रात्री असते. दिवे मालवल्यावर तंबूत कुणीतरी एक मुसमुसायला लागतो. घरची आठवण. आठ-नऊ वर्षांचं पोर, पहिल्यांदाच आईशिवाय झोपलेलं. नवखा दादा लगेच फोन काढून आईला लावून देतो, आणि मग आईही रडते, पोरही रडतं, शेजारच्या तंबूतली आणखी दोघं त्यात सामील होतात. मुरलेली ताई तसं करत नाही. ती त्याच्या शेजारी जाऊन बसते, हळू आवाजात विचारते, आणि उद्या पहाटे पक्षी बघायला जाताना सगळ्यांच्या पुढे टॉर्च कोण धरणार, ही जबाबदारी त्याच्यावर टाकते. त्याला झोप लागली की बाहेर येऊन ती शिबिरप्रमुखाला सांगते. सकाळी पालकांना काय कळवायचं हे दोघं मिळून ठरवतात. दुसऱ्या तंबूत याच वेळी दोन मोठी मुलं वरच्या बिछान्यावरून हमरीतुमरीवर आलेली असतात. तिथे आवाज चढवावा लागतो, किंवा मुद्दाम चढवायचा नसतो. कुठे काय, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेलं नाही.

आता हाच दिवस कार्यालयाच्या भाषेत सांगून पाहा. हातात माणसं कमी, मुदत आखूड, ऐनवेळी योजना कोसळलेली, ग्राहक म्हणजे पालक दूर आणि काळजीत, सहकारी थकलेले, आणि चूक झाली तर ती कागदावर नव्हे, कुणाच्या तरी अंगावर होणार. शिकाऊ उमेदवाराला कंपनीत पहिली दोन वर्षं एवढी खरी जबाबदारी कुणी देत नाही. तिथे तो कॉफीच्या कपासह बैठकीत बसतो आणि टिपणं काढतो.

अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड डेमिंग यांनी 2017 मध्ये ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये अमेरिकेतल्या नोकऱ्यांचा अभ्यास मांडला. 1980 ते 2012 या काळात माणसांशी सतत संबंध येणाऱ्या नोकऱ्यांचा तिथल्या एकूण रोजगारातला वाटा जवळजवळ 12 टक्केबिंदूंनी वाढला, असं त्यांना आढळलं. ज्या कामांत गणित लागतं पण माणसांशी फारसं बोलावं लागत नाही, त्यांचा वाटा घटला. मिळकत चांगली वाढली ती दोन्ही येणाऱ्यांची. संगणक जसजसे हुशार होत गेले, तसतशी माणसांशी जमवून घेण्याची किंमत चढली. भारताची आकडेवारी वेगळी असेल, पण कल कुठे आहे हे बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक्स सिटीतल्या आयटी कंपन्यांच्या कुठल्याही भरती अधिकाऱ्याला विचारा. ‘मुलगा हुशार आहे, पण बोलतच नाही’ ही तक्रार त्याच्याकडून ऐकायला मिळेल. गंमत म्हणजे त्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती आनेकलच्या शिबिरांपासून तासाभराच्या अंतरावरही नाहीत. ऑगस्ट 2025 मध्ये बोम्मसंद्रपर्यंत मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाल्यापासून तर दोन्ही जगं आणखी जवळ आली आहेत. तरी मुलाखतीच्या खोलीत शिबिराचा विषय निघत नाही, आणि निघालाच तर ‘छंद’ या रकान्यात, पोहणे आणि वाचन यांच्या मधोमध.

मराठी समाजाला तर हे नव्याने सांगायची गरज पडू नये. 4 जून 1941 रोजी राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली, एस. एम. जोशी दलप्रमुख झाले, आणि पुढच्या कित्येक पिढ्यांनी शाखेत आणि शिबिरात पोरंटोरं सांभाळता सांभाळता माणसं हाताळायला शिकून घेतलं. योगायोग असा की त्याच 1941 साली वेल्समधल्या अ‍ॅबरडोवी इथे शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांनी तरुण खलाशांसाठी ‘आउटवर्ड बाउंड’ची पहिली शाळा काढली. मजबूत शरीरापेक्षा संकटात टिकून राहण्याची सवय जास्त कामाला येते, हा विचार तिथे होता. सेवा दलाच्या कलापथकातून निळू फुले आणि राम नगरकर आले, स्मिता पाटीलही लहानपणी सेवा दलात होती. ही मंडळी सेवा दलामुळेच घडली असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल, प्रतिभा शिबिरात वाटत नाहीत. पण अनोळखी गावात, अनोळखी माणसांपुढे उभं राहून त्यांना धरून ठेवण्याचा सराव त्यांना लवकर मिळाला, एवढं नक्की.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला बाबा आमटेंनी सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी दरवर्षी 15 ते 22 मे या काळात, विदर्भाच्या ऐन उन्हात, भरत आली. एकदा शिबिरार्थी म्हणून आलेली मुलं पुढच्या वर्षी व्यवस्थेतली कार्यकर्ती होऊन येतात, आणि खरा धडा तेव्हा सुरू होतो. कुदळ चालवणं सोपं. शेकडो जणांसाठी वेळेवर पाणी, जेवण आणि कामाची वाटणी ठेवणं अवघड. राष्ट्रीय सेवा योजना 1969 साली 37 विद्यापीठांतल्या 40 हजार विद्यार्थ्यांसह सुरू झाली. तिचं सात दिवसांचं निवासी शिबिर महाराष्ट्रातल्या असंख्य पदवीधरांनी पाहिलेलं आहे. त्यातल्या किती जणांनी त्या सात दिवसांत काय केलं हे नोकरीच्या अर्जात लिहिलं असेल? बहुतेकांनी फक्त ‘प्रमाणपत्र प्राप्त’ असं लिहिलं.

अमेरिकेत शिबिरातलं काम सांगायची लाज वाटत नाही. डिस्नीचे माजी प्रमुख मायकल आयझ्नर यांनी 2005 मध्ये ‘कॅम्प’ नावाचं अख्खं पुस्तक लिहिलं, ते व्हरमाँटमधल्या कीवेडिन या शिबिराविषयी. तिथे ते आधी शिबिरार्थी होते, मग कौन्सेलर. त्या पुस्तकात डिस्नीची खुर्ची मिळवण्याची कृती सापडणार नाही, आणि श्रीमंतांच्या मुलांची शिबिरं वेगळी, हेही खरं. पण एवढ्या मोठ्या कंपनीच्या प्रमुखाला होडीतून केलेल्या सहलींची शिदोरी मिरवावीशी वाटते. आपल्याकडचा इंजिनियर मात्र तीच गोष्ट लपवतो.

आनेकलच्या शिबिरात आणखी एक गोष्ट शिकायला मिळते, ती पुण्या-नाशकातल्या शिबिरात इतकी सहज मिळत नाही. ती म्हणजे भाषेची कसरत. सीमेवरचा तालुका, शेजारी होसूर, आणि शहरातून येणारी मुलं देशभरच्या नोकरदारांची. एका गटात कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी आणि अधूनमधून मराठीही. बेंगळुरूत वाढलेली मराठी ताई इथे दिवसभर चार भाषांत ‘रांगेत या’ म्हणते. स्वयंपाकघरातल्या अक्काशी कन्नडमध्ये जमवून घेतलं नाही तर चहा उशिरा मिळतो, हेही तिला पहिल्याच दिवशी कळतं. पुढे बहुभाषिक टीममध्ये काम करताना तिला कुणी ‘सांस्कृतिक संवेदनशीलते’ची कार्यशाळा देऊ लागलं तर ती मनातल्या मनात हसेल.

पण या कौतुकाला मोठी अट आहे. शिबिरात नुसतं राबल्याने कौशल्य येत नाही, थकवा येतो. काही आयोजक कॉलेजच्या मुलांना स्वस्तातले मजूर समजतात. आदल्या संध्याकाळी फोन, दुसऱ्या दिवशी तीस मुलांवर एकटा दादा, प्रशिक्षण शून्य, मानधनाचं ‘बघू’. अशा ठिकाणी तरुण एकच गोष्ट शिकतो, वेळ मारून नेणं. मुलांचा जीव त्यात टांगणीला लागतो ते वेगळंच. साहसी खेळ असतील तर प्रश्न आणखी गंभीर. महाराष्ट्राने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. पण कागदावरचा नियम दोर तपासायला जात नाही, तो दादाच तपासतो. बालकांचं लैंगिक शोषण रोखणारा 2012 चा पॉक्सो कायदा तर शिबिरातल्या प्रत्येकाला लागू आहे. असा गुन्हा घडल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, हे विसाव्या वर्षी शिबिरात उतरणाऱ्या मुलामुलींपैकी कितीजणांना कुणी सांगितलेलं असतं? मुलं यायच्या आधी दोन दिवस प्रथमोपचार, सुरक्षा, मुलांशी वागण्याच्या मर्यादा आणि तक्रार कुणाकडे न्यायची हे शिकवणारं शिबिर निराळं. आणि रोज रात्री मुलं झोपल्यावर अर्धा तास बसून ‘आज काय चुकलं, उद्या काय बदलायचं’ हे बोलणारं शिबिर तर त्याहून निराळं. शिकणं त्या अर्ध्या तासात होतं.

मागणीही आता वाढणार आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितले. कर्नाटकात ग्रामपंचायतींच्या ग्रंथालयांतही उन्हाळी शिबिरं भरू लागली आहेत. पंचवीस मुलांना फळा-खडूशिवाय दिवसभर गुंतवून ठेवू शकणारी माणसं शाळांकडे पुरेशी नाहीत. ती माणसं आजच्या शिबिरांतूनच मिळतील. आनेकल तालुक्यातच, सर्जापुरा भागात, अझीम प्रेमजी विद्यापीठ आहे. भावी शिक्षक तिथे घडतात, आणि शिबिरं त्यांच्या दारात भरतात.

अर्जात हे लिहायचं कसं, यावर तरुणांना एक सांगणं. ‘नेतृत्वगुण’ आणि ‘टीमवर्क’ हे शब्द काढून टाका, ते आता प्रत्येकाच्या बायोडेटात असतात. त्याऐवजी किती मुलं, कोणत्या वयाची, किती दिवस, कोणत्या भाषा, आणि एक प्रसंग: पाऊस आला तेव्हा काय केलं, ताप भरलेल्या मुलाच्या घरी काय कळवलं. चुकलेलंही सांगा. मुलाखत घेणाऱ्यांनी तेवढं ऐकून घ्यावं. ‘कठीण सहकाऱ्याशी कसं वागाल?’ असं काल्पनिक कोडं घालण्यापेक्षा ‘रात्री साडेदहाला रडणारं मूल तुम्ही कसं शांत केलं?’ हे विचारावं. उत्तर पाठ करून देता येत नाही.

आणि ज्यांच्या घरातलं पोर पुढच्या एप्रिलमध्ये शिबिरावर जायचं म्हणतंय त्यांनी त्याला नाही म्हणू नये. फक्त होकार देण्याआधी आयोजकाला पाच गोष्टी लेखी विचाराव्यात: एका दादामागे मुलं किती, प्रशिक्षण किती दिवसांचं, विमा कुणाचा, मानधन किती आणि कधी, आणि शेवटी मिळणाऱ्या पत्रात केलेल्या कामाचा तपशील असेल की नुसता सही-शिक्का. उत्तरं टाळणाऱ्या शिबिरात पोराला पाठवू नये, कामालाही नाही आणि मजेलाही नाही.