न संपणारा किल्ला

दिवाळीच्या सुटींत मातीचा किल्ला केला नाहीं असें मूल आपल्या इकडे विरळा. दगडविटा रचावयाच्या, वर पोतें पसरून चिखल लिंपावयाचा, अळीव पेरावयाचे, बुरुजांवर चित्रें मांडावयाचीं, आणि सण सरला कीं सर्व मोडून अंगण झाडून घ्यावयाचें, हा क्रम ठरलेला. पुढील वर्षीं पुन्हा पहिल्यापासून आरंभ. मागील वर्षींचा किल्ला तसाच राखून यंदा त्याला एक वाट, पुढील वर्षीं एक तळें, अशी वीस वर्षें भर घालीत गेलेलें मूल आम्हीं तरी पाहिलेलें नाहीं. परंतु असे एक गृहस्थ अमेरिकेंत आहेत. त्यांचा किल्ला मात्र मातीचा नसून संगणकावरील खेळांतला आहे.

या गृहस्थांचें नांव टार्न अ‍ॅडम्स, आणि खेळाचें नांव ‘ड्वॉर्फ फोर्ट्रेस’, म्हणजे ठेंगूंचा किल्ला. खेळाची कल्पना टार्न व त्यांचे वडील बंधु झॅक या दोघांची. परंतु ती संगणकाला समजेल अशा भाषेंत उतरविण्याचें काम सुमारें वीस वर्षें एकट्या टार्न यांनींच केलें. ऑक्टोबर २००२ मध्यें त्यांनीं आरंभ केला, ऑगस्ट २००६ मध्यें खेळ लोकांपुढें मांडला, आणि त्यांत भर घालण्याचा उद्योग त्यानंतरही अखंड चालू ठेवला.

हा खेळ डावपेचांचा व व्यवस्थेचा आहे. सात ठेंगू घेऊन खेळणारानें डोंगरापाशीं यावयाचें, खडक खणून घरें, कोठारें व कारखाने उभे करावयाचे, आणि अन्न, पूर व शत्रु यांची आधींच तरतूद करून ठेवावयाची. ठेंगूंना हातीं धरून चालवितां येत नाहीं. कामें नेमून द्यावयाचीं, तीं ते आपल्या स्वभावानुसार करतात. प्रत्येकाला आवडीनिवडी आहेत, आठवणी आहेत. खेळ सुरू होण्यापूर्वीं संगणक डोंगर, नद्या, राज्यें व त्यांच्या शतकानुशतकांच्या लढाया यांसह एक संबंध जग रचतो. या खेळांत अखेरचा विजय असा नाहींच. प्रत्येक किल्ला केव्हां तरी बुडावयाचा. म्हणून खेळणारांत ‘हरण्यांतच मौज आहे’ अशी म्हणच पडून गेली आहे.

आतां त्यांच्या कामाची चाल पाहूं. त्यांनीं आरंभीं शंभर उद्दिष्टें योजिलीं, आणि त्यांपैकीं किती साधलीं हें प्रत्येक आवृत्तीच्या क्रमांकावरून कळावें अशी व्यवस्था केली. २००६ सालीं जी पहिली आवृत्ति लोकांस मिळाली, तिच्या क्रमांकांत २१ हा आंकडा होता. जानेवारी २०२० मध्यें तो ४७ झाला. चवदा वर्षांच्या श्रमानें सव्वीस पायऱ्या! आणि आपण अर्ध्या वाटेवरही आलों नाहीं हें हा मनुष्य आपल्याच कामावर आंकड्यांनीं लिहून लोकांस दाखवीत होता. अर्धें काम पुरें म्हणून मिरविणारांच्या जगांत हा प्रामाणिकपणा लहान नव्हे.

भर घालणें म्हणजे ढीग वाढविणें नव्हे, ही गोष्ट त्यांच्या कामावरून चांगली ध्यानांत येते. प्रथम या खेळांतील जग कागदावरील नकाशाप्रमाणें सपाट होतें. ऑक्टोबर २००७ मध्यें त्यांनीं त्याला उंची व खोली दिली. वाचावयास हें एक वाक्य आहे. परंतु त्यासरशी चालणें, खणणें, पाण्याचें वाहणें, अशा जवळजवळ प्रत्येक गोष्टीचा नव्यानें विचार करणें भाग पडलें. बांधलेल्या घराला मजला चढवावयाचा तर पाया उकरून पाहावा लागतो, तसेंच हें.

दुसरें उदाहरण मांजरांचें आहे. २०१५ च्या अखेरीस त्यांनीं खेळांत मद्यगृहें घातलीं. थोड्याच दिवसांत खेळणारांकडून तक्रारी येऊं लागल्या कीं, किल्ल्यांतील मांजरें ओकून ओकून मरत आहेत. शोध घेतां असें दिसलें कीं, ठेंगूंच्या हातून दारू जमिनीवर सांडे, मांजरें त्यावरून चालत, त्यांचे पाय भिजत, आणि मांजरांच्या जातिस्वभावाप्रमाणें तीं आपलें अंग चाटून साफ करीत. हिशेबांत एक चूक अशी राहिली होती कीं, एकदां पाय चाटला तर पेलाभर दारू पोटांत गेली असें धरलें जाई. एवढ्याशा देहाला एवढें मद्य कसें सोसावें? येथें मद्यगृहाची रचना चुकीची नव्हती, आणि मांजराचें चाटणेंही चुकीचें नव्हतें. नवें व जुनें जेथें एकमेकांस भेटलें, त्या सांध्यांत हा दोष दडला होता. ज्याला जुन्या कामाचा विसर पडला त्याला तो कधींच सांपडला नसता. २०२१ च्या सुमारास या खेळाच्या आज्ञावलीच्या ओळी सात लाखांच्या घरांत गेल्या होत्या, आणि त्या सर्वांचा भार एका माणसाच्या स्मरणावर होता. एक ना धड भाराभर चिंध्या, अशी गत व्हावयास याहून सोपी जागा कोणती? ती झाली नाहीं, कारण नवी वीट ठेवण्यापूर्वीं जुनी भिंत तपासण्याची त्यांची संवय सुटली नाहीं. २०१२ च्या जूनपासून २०१४ च्या जुलैपर्यंत तर त्यांनीं एकही नवी आवृत्ति काढली नाहीं. आंतल्या आंत काम मात्र चालूच होतें.

मग या काळांत पोट कसें चाललें? टार्न यांनीं २००५ सालीं स्टॅन्फर्ड विद्यापीठाची गणितांतील पीएच.डी. ही पदवी मिळविली, आणि त्यानंतर विद्यापीठांतील संशोधनाची नोकरी सोडून ते या कामास लागले. खेळ ते फुकट देत. निर्वाह लोकांच्या देणग्यांवर. देणगी देणारास दोघे बंधु रंगीत खडूंनीं काढलेलें एखादें चित्र किंवा लहानशी गोष्ट पाठवीत. काटकसरीनें दिवस जात होते. परंतु झॅक यांस त्वचेचा कर्करोग झाला आणि उपचारांचा खर्च किती भयंकर असतो हें दोघांनाही दिसून आलें. अशा प्रसंगास पुन्हा तोंड कसें द्यावें, या चिंतेनें २०१९ सालीं त्यांनीं विक्रीची आवृत्ति काढण्याचें जाहीर केलें. तोंपर्यंत हा खेळ पडद्यावर केवळ अक्षरें व चिन्हें यांनींच दिसे. आतां चित्रकारांच्या साह्यानें त्याला रूप आलें. ६ डिसेंबर २०२२ रोजीं ती आवृत्ति निघाली, महिनाअखेर जवळजवळ पांच लाख प्रती खपल्या, आणि जानेवारी २०२३ या एका महिन्याचें त्यांचें उत्पन्न, कर देण्यापूर्वींचें, सुमारें ७२ लाख डॉलर झालें. जुन्या वेषांतील खेळ मात्र त्यांनीं फुकटच ठेविला.

ही हकीकत सांगणारे लोक बहुधा शेवटापासून सांगतात: “पाहा, चिकाटीचें फळ कसें मिळालें!” आमचें मत निराळें आहे. त्या डिसेंबरांत केवळ हजार प्रती खपल्या असत्या, तर मागील वीस वर्षें वायां गेलीं असें म्हणावयाचें काय? न्यूयॉर्क येथील आधुनिक कलेच्या संग्रहालयानें आपल्या संग्रहाकरितां जे पहिले चवदा खेळ निवडले, त्यांत हा खेळ होता. आणि ती निवड २०१२ ची, म्हणजे या पैशाच्या दहा वर्षें आधींची. कामाची योग्यता तेव्हांही तीच होती. पैसा हें फळ असेल, कसोटी नव्हे. त्याचबरोबर, दारिद्र्य हें कलावंताचें भूषणच होय असें म्हणणारांशींही आमचें जुळत नाहीं. कामाला मोल नसलें तरी काम करणाराला देह आहे, आणि देहाला दुखणें आहे. ज्याच्या श्रमानें आपला वेळ आनंदांत जातो, त्याच्या दुखण्याखुपण्याची काळजी देणग्यांच्या भरंवशावर टाकून आपण निश्चिंत राहावें, हें न्यायाचें नाहीं.

येथें कित्येक पालक म्हणतील, “हें सर्व खरें, परंतु आमचा मुलगा दिवसभर पडद्यापुढें बसतो, त्याला ही आयतीच सबब मिळाली.” पालकांची ही तक्रार आम्हांस मान्य आहे. खेळणें निराळें आणि खेळ घडविणें निराळें. हजार लाडू खाल्ल्यानें कोणी आचारी होत नाहीं. विद्यार्थ्यांनीं हेंही विसरूं नये कीं, टार्न अ‍ॅडम्स यांनीं नोकरी सोडली ती विद्या पुरी केल्यावर. विद्या टाळण्यासाठीं नव्हे.

तरीही पालकांस आमची एक विनंति आहे. मूल एखाद्या विलक्षण उद्योगांत गढलेलें दिसलें, मग तो लहानसा संगणकी खेळ रचण्याचा असो, अंगणांत येणाऱ्या पक्ष्यांची यादी करण्याचा असो, कीं आजीच्या तोंडचे जुने शब्द वहींत टिपण्याचा असो, तर पहिल्याच दिवशीं “याचा उपयोग काय?” असें विचारूं नये. उपयोग वीस वर्षांनींही सांगतां येत नाहीं असें काम जगांत असतें, हें आपण आतांच पाहिलें. त्याऐवजीं महिन्याभरानें जवळ बसून विचारावें, “गेल्या महिन्यांत आपलीच कोणती चूक तुला सांपडली, आणि ती तूं कशी सुधारलीस?” उत्तर देतांना मुलाचे डोळे चमकले, तो हातवारे करून सांगूं लागला, तर त्याला त्याचा वेळ द्यावा व दिवा थोडा उशिरापर्यंत जळूं द्यावा. उत्तरच नसेल, तर खुशाल उठवून मैदानावर पाठवावें.

आणि विद्यार्थी मित्रांनो, वार्षिक परीक्षा संपली कीं जुन्या वह्या रद्दींत घालण्याची आपली रीतच आहे. यंदा त्यांतील एक वही मागें ठेवा. जिच्यांत तुमच्या हातून कांहीं तरी स्वतःचें असें आरंभिलें गेलें असेल, तीच निवडा. जून महिन्यांत ती पहिल्या पानापासून वाचा, चुकलेलें नीट करा, आणि मगच पुढील पान लिहावयास घ्या.