आधी खर्ज, मग नखरे

मंडळी, गेल्या रविवारी आमच्या घरात भांडण झालं. कारण काय, तर पेडल! सायकलचं नव्हे हो, गिटारचं.

नातू पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि मित्रांच्या बँडमध्ये बास गिटार वाजवतो. (ज्या नातेवाइकांना अजूनही ती साधी गिटारच वाटते त्यांच्यासाठी: हिला बहुधा चारच तारा असतात, जाडजूड, आणि ती साध्या गिटारीच्या एक सप्तक खाली बोलते.) त्याच्या वाढदिवसाला सगळ्यांनी मिळून 40,000 रुपयांचं सामान घेऊन द्यायचं ठरलं. त्यातले निम्मे माझ्या पेन्शनीतले. त्याच्याकडून यादी आली. यादीत पाच पेडल, ते मांडायची फळी, वायरी, आणि सगळ्यात शेवटी ॲम्प्लिफायर. त्याच्यापुढे लिहिलेलं, 'नंतर बघू'.

मी म्हटलं, माझे पैसे त्या 'नंतर बघू'साठी. झालं! थोरली म्हणाली, "आबा, पोराची हौस आहे." धाकटे जावई म्हणाले, "त्याच्या क्षेत्रातलं त्याला कळतं." सौभाग्यवती म्हणाल्या, "मास्तरकी सोडा आता." म्हणून हे लिहितोय. सात जणांना सात वेळा फोनवर सांगण्यापेक्षा एकदा लिहिलेलं बरं.

पेडल म्हणजे पायाने दाबायची डबी. गिटारच्या आणि ॲम्पच्या मधे बसते आणि आवाजाला रंग देते. कोणी आवाज खरखरीत करतं, कोणी थरथरता, कोणी पाण्यातून आल्यासारखा. दिवे लागतात, दिसायला छान. माझं भांडण त्या डब्यांशी नाही, क्रमाशी आहे.

गेल्या डिसेंबरात त्याच्या कॉलेजच्या गॅदरिंगला आम्ही दोघं सकाळच्या एसटीने वाईहून गेलो. चौथ्या रांगेत जागा मिळाली. नातवाच्या पायाशी मित्रांकडून आणलेली चार पेडल होती, लाल-निळे दिवे लुकलुकत होते. गाणं सुरू झालं. पोरगं मन लावून वाजवत होतं, बोटं हलताना दिसत होती. आणि ऐकू? काही नाही. मला वाटलं, माझे कान. श्रवणयंत्र वाढवलं, तर दुसऱ्या पोराच्या गिटारीची किंचाळी तेवढी मेंदूत शिरली. शेवटी सौ. कानाशी येऊन म्हणाल्या, "अहो, मलाही ऐकू येत नाहीये त्याचं."

कारण नंतर समजलं. बास लावली होती एका मित्राच्या साध्या गिटारीच्या ॲम्पला. आठ इंची स्पीकर. तिसऱ्या गाण्याला त्याचा कागद फाटला. खाली पोरगं चार पेडल आलटून पालटून दाबत होतं आणि ती चारही एका फाटक्या कागदाला रंग देत होती! भिंत नाही आणि रंगाऱ्याला बोलावलंय, अशातली गत.

आता यातलं शास्त्र. मी मराठी-इतिहासाचा मास्तर, बी.ए. पण आमचे एक मित्र शाळेत विज्ञान शिकवायचे, गणपती घाटावर संध्याकाळी त्यांची शिकवणी घेतली. बासची सगळ्यात खालची तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते. साध्या गिटारीची खालची तार 82 वेळा. 41 कंपनांच्या लाटेची लांबी सव्वाआठ मीटर, म्हणजे 27 फूट. आमच्या माजघरात ती आडवी निजणार नाही. एवढी लाट उठवायला पुष्कळ हवा ढकलावी लागते. म्हणून मोठा स्पीकर, नीट बांधलेली पेटी आणि ताकदीचा ॲम्प. त्यातून माणसाचा कान खालच्या स्वरांना मुळातच मंद. म्हणजे खालचा स्वर वरच्याइतका ऐकू यायला जास्तच ताकद हवी.

आणि ताकदीचा हिशेबही सरळ नाही. वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही, तीन डेसिबलच वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणून डब्यावरचा वॅटचा आकडा बघून भुलू नये. स्पीकर किती कार्यक्षम आहे ते बघावं. मग ओहम. आठ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्या की चार ओहम होतात. एका टाकीला दुसरा नळ जोडला की पाणी जास्त जातं, तसा ॲम्पवरचा भार वाढतो. ॲम्पच्या पाठीवर किमान ओहम लिहिलेले असतात. त्याच्या खाली गेलात तर ॲम्प तापून बसतो. हे वाचायला इंजिनिअरिंग लागत नाही, चष्मा लागतो.

हा क्रम परदेशातून शिकायची गरज नाही. आपल्या शेजारी मिरज आहे. तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. बऱ्याच वर्षांपूर्वी भजनी मंडळाचा तानपुरा घेऊन मी तिथे गेलो होतो. कारागिराने पहिला प्रश्न काय विचारला? "गाणार कोण, बाई की बुवा?" कारण पुरुषाच्या खालच्या स्वराला मोठा भोपळा लागतो. आधी भोपळा, मग दांडी, मग तारा. आणि सगळं झाल्यावर घोडीवर तारेखाली सुताचा एक दोरा सरकवायचा, की जवारी खुलते. त्या दोऱ्याने तार उजळते, एका स्वरातून अनेक स्वर गुणगुणायला लागतात. अहो, हेच आपलं पेडल! सुताचं, बिनविजेचं. पण भोपळा फुटका असेल तर कुठलाही कारागीर दोरा सरकवत बसणार नाही.

आता विरुद्ध पक्षाचं म्हणणं घेतो. मास्तर एकतर्फी बोलतात असं नको.

पहिला मुद्दा, मोठमोठे वादक पेडल वापरतात. वापरतात. अमेरिकेचे बूट्सी कॉलिन्स नातवानेच मला ऐकवले. त्यांची बास पेडलमुळे बेडकासारखी डराव डराव बोलते, मजा येते. पण ते आधी 1970 साली जेम्स ब्राऊन यांच्याकडे होते, आणि तिथे त्यांच्याकडून पहिली मात्रा ठोकून घेतली गेली. सम पक्की झाली, मग बेडूक आला. आणि दुसरे जेम्स जेमर्सन. 1960 च्या दशकातल्या मोटाऊन कंपनीच्या कितीतरी गाण्यांत यांचीच बास. उजव्या हाताचं एक बोट, जुन्या तारा, आणि वायर बहुतेक वेळा थेट ध्वनिमुद्रणाच्या टेबलाला. पाच पेडलची फळी कुठे आहे सांगा!

दुसरा मुद्दा, आवाजात वेगळेपण हवं. शाहीर साबळे आमच्या शेजारच्या पसरणीचे. पोवाड्यात झीलकरी मागे उभे राहून 'जी जी' धरतात, त्यांच्यावर शाहीर उभा असतो. झीलकऱ्याने वेगळेपणासाठी मधेच तान मारली तर शाहीर पडेल. बास हा बँडचा झीलकरी. त्याचं वेगळेपण त्याच्या वेळेत असतं.

तिसरा मुद्दा जावयांचा, आणि तो खरा आहे. ते म्हणतात, "हल्ली ॲम्प कोण नेतो? डीआय बॉक्समधून वायर थेट मिक्सरला." मोठ्या सभागृहात, चांगले सबवूफर आणि जाणता साउंडवाला असेल तर बरोबर आहे. तिथे ॲम्प घरी ठेवावा. पण या पोरांना कार्यक्रम मिळतात कुठे? गॅदरिंगला, सोसायटीच्या गणपतीत, फार तर आमच्या कृष्णाबाईच्या उत्सवात घाटावर. तिथले कर्णे आणि उभे स्पीकर भाषणासाठी आणि भजनासाठी आणलेले असतात. त्यातून 41 कंपनं निघत नाहीत. आणि रोजचा सराव? तो काय मिक्सरला करणार? तरी जावयांच्या मुद्द्याला मान देऊन सांगतो, डीआय असलेला प्रीॲम्प ही एक डबी मी मान्य करतो.

याचा अर्थ दणदणाट करा, असा नाही. आमच्या सातारा-सांगलीकडे मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात. नाव एका परदेशी कंपनीचं, तिचा त्या भिंतीशी संबंध नाही, लोकांनीच चिकटवलं. 2014 साली साताऱ्यात विसर्जन मिरवणुकीच्या वेळी इमारतीची भिंत कोसळून तीन जण गेले, तेव्हा डॉल्बीविरुद्ध जिल्हाभर चीड उसळली होती. मोठा आणि खालचा यातला फरक आपण विसरलो. निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे आणि रात्री 45, 2000 सालच्या नियमाने. डॉल्बी छातीवर बुक्के मारते. चांगल्या पेटीतला खर्ज हलक्या आवाजातही बाकावर ठेवलेल्या तळव्याला कळतो. चांगला ॲम्प घ्यायचा तो कमी आवाजात स्वच्छ वाजावा म्हणून.

तर माझी यादी अशी. पहिला बासचाच ॲम्प, बारा किंवा पंधरा इंची स्पीकरचा, पुढे दुसरी पेटी जोडता येईल असा. मिळाला तर वापरलेला घ्या, पण घेताना सगळ्यात खालची तार वाजवून पेटी खडखडते का ते ऐका. दुसरं, घरातल्या प्लगचं अर्थिंग तपासा; घूं घूं आवाज येतो त्याचं मूळ पुष्कळदा तिथेच सापडतं. तिसरा ट्यूनर, कारण बेसूर खर्ज सगळ्या बँडला बेसूर करतो. चौथा जावयांचा प्रीॲम्प. पाचवा कॉम्प्रेसर. हा वर्गशिक्षक आहे; ओरडणाऱ्या पोरांना जरा दाबतो, मग सगळ्या वर्गाचा आवाज सारखा वर उचलतो. त्यापुढे हौस. खरखरीचं पेडल घेतलंच तर मूळ आवाज मिसळता येणारं घ्या, नाहीतर खालचा स्वर गळून जातो आणि उरते ती मधमाशी.

पहिल्या पाचांचे पैसे माझ्यासकट सगळ्यांचे. हौसेचे ज्याचे त्याने द्यावेत. आत्याबाईंना कंजूष म्हणायचं असेल तर म्हणू द्या.

आणि बाळा, हे तूही वाचशील म्हणून शेवटचं. त्या दिवशी गॅदरिंग संपल्यावर तू धावत आलास आणि विचारलंस, "आबा, कसं झालं?" मी म्हटलं, "छान." अडतीस वर्षं शिकवलं, पण न वाचलेल्या पेपरला कधी मार्क दिले नव्हते. ते त्या दिवशी दिले. मला एक स्वरही ऐकू आला नव्हता. तो पेपर मी रद्द करतोय. ॲम्प आला की सुट्टीत वाईला घेऊन ये, माजघरात लाव आणि पुन्हा वाजव. श्रवणयंत्र काढून बसतो, हात बाकावर ठेवून.