‘परवडणारे’ घर नेमके कोणाला परवडते?

‘परवडणारी घरे’ हा शब्द शासन, सिडको आणि बिल्डर असे तिघेही सारख्याच सहजतेने वापरतात. ज्या शब्दावर या तिघांचे एकमत होते, तो आपण जरा उलटून-पालटून पाहिला पाहिजे. कोणाला परवडणारी? तुर्भे स्टोअरला पत्र्याच्या खोलीचे भाडे भरणाऱ्या कंत्राटी सफाई कामगाराला? की दिघ्याहून रोज लोकल पकडणाऱ्या, घरातला पहिलाच पदवीधर असलेल्या आपल्या मुलाला?

हिशेबच करू. सिडकोने ऑक्टोबर २०२४ मध्ये २६ हजार घरांची योजना आणली. जानेवारी २०२५ मध्ये किमती जाहीर झाल्या. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठी तळोज्यात २५ लाख १० हजार, खारकोपरला ३८ लाख ६० हजार, कळंबोलीला ४१ लाख ९० हजार! घर सव्वातीनशे चौरस फुटांच्या आसपास. ओरड झाली, तेव्हा डिसेंबर २०२५ मध्ये १० टक्के कपात जाहीर करण्यात आली. या गटात बसायचे तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ६ लाखांच्या आत, म्हणजे महिना जास्तीत जास्त ५० हजार. आता खारकोपरच्या घरातून ती १० टक्के कपात वजा करा, पंतप्रधान आवास योजनेचे अडीच लाखही वजा धरा, पदरचे तीन-सव्वातीन लाख घाला. तरी २९ लाखांचे कर्ज उरते. ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी त्याचा हप्ता महिन्याला २६ हजारांच्या घरात जातो. पगाराचा अर्ध्याहून अधिक भाग! ५० हजार कमावणारा तर या गटातला सर्वात वरचा माणूस. ३० हजारवाल्याने तळोज्याचे स्वस्तातले घर असेच घ्यायचे म्हटले तरी हप्ता १५ हजारांच्या वर. स्टॅम्प ड्युटी, नोंदणी आणि देखभालीचा खर्च आणखी वेगळा.

म्हणजे गंमत अशी की, ज्याला बँक कर्ज देईल तो उत्पन्नाच्या अटीत बसत नाही आणि जो अटीत बसतो त्याला बँक दारात उभे करीत नाही. नाका कामगार, घरकाम करणारी आपली माउली, मार्केटमध्ये रोजंदारीवर राबणारा हमाल यांच्याकडे पगाराची स्लिप कुठून येणार? लाखो लोक भाड्याच्या खोल्यांत राहतात त्या महामुंबईत, २६ हजार घरांच्या फेब्रुवारी २०२५ च्या सोडतीत उतरलेले अर्जदार साडेएकवीस हजारांच्याही आत होते. लोकांना घर नको होते काय? घर हवेच होते, किंमत झेपणारी नव्हती.

मग माणूस काय करतो? जे मिळेल ते घेतो. दिघ्याचे उदाहरण विसरता येणार नाही. एमआयडीसी आणि सिडकोच्या जमिनींवर बेकायदा इमारती उठल्या. तिथे स्वस्तात खोली मिळते म्हणून लोकांनी गावाकडचा तुकडा विकून, दागिने मोडून पैसे भरले. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने ९९ इमारतींवर हातोडा पडायची वेळ आली, तेव्हा रस्त्यावर आली ती ही कुटुंबे. पैसे घेणारे रस्त्यावर आले नाहीत. त्या इमारती एका रात्रीत उभ्या राहिल्या नव्हत्या. त्या उभ्या राहत असताना पाहणारे अधिकारी पगार घेतच होते.

मुळात ही जमीन कोणाची? १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांची जमीन शहरासाठी घेण्यात आली. मोबदला कवडीमोल होता. त्याविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या लढ्यात जानेवारी १९८४ मध्ये पाच जण गोळीबारात शहीद झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांची योजना आली. या हुतात्म्यांपुढे नतमस्तक होऊनच एक गोष्ट सांगावी लागते. त्या योजनेचा पायाच जमिनीची मालकी हा होता. सातबाऱ्यावर ज्याचे नावच कधी लागू दिले गेले नाही, त्या भूमिहीनाच्या हिशेबात टक्केवारी येणार कुठून? आणि स्वस्तात घेतलेली हीच जमीन सिडको निविदा काढून जास्तीत जास्त बोली लावणाऱ्याला देत राहिली. अटल सेतू २०२४ मध्ये खुला झाला, विमानतळ २०२५ मध्ये सुरू झाले. बोली आणखी चढली. तो सगळा भार शेवटी फ्लॅट घेणाऱ्याच्याच डोक्यावर येतो.

बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी, कोणी जमीनदार नसावा, कोणी कूळ नसावे, कोणी भूमिहीन मजूर नसावा, अशी मांडणी केली. ती शेतीबद्दल होती हे खरे. पण इथे तर जमीन राज्याच्या ताब्यात आलीच होती! राज्यानेच तिचा बाजार मांडला. परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही आणि पारशी धर्मशाळेतून काठ्यांच्या धाकाने बाहेर पडावे लागले. आज काठी दिसत नाही. भाड्याने घर पाहायला जा, आधी आडनाव विचारतात, मग मांसाहाराचे विचारतात आणि मग घर ‘कालच गेले’ असे कळते. भाड्याच्या बाजारात हा अनुभव असल्यामुळेच आपल्या माणसाला स्वतःच्या मालकीच्या घराची निकड इतरांपेक्षा जास्त आहे.

म्हाडाच्या सोडतीत अनुसूचित जातींना ११ टक्के, जमातींना ६ टक्के घरे राखीव असतात. सिडकोतही राखीव प्रवर्ग आहेत. परंतु आरक्षण सोडतीला आहे, किमतीला नाही. राखीव घर लागले आणि पैशाअभावी सोडून द्यावे लागले, अशी किती कुटुंबे आहेत, याचा प्रवर्गवार हिशेब सिडकोने प्रत्येक सोडतीनंतर जाहीर करावा. आपल्या कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात तो मागावा. मागासवर्गीयांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांना शासकीय जमीन देणारी पी.डब्ल्यू.आर. २१९ ही योजना आहे. तिच्यातल्या अनेक संस्था बिल्डरांनी कशा गिळल्या हेही आपण पाहिले आहे. विहारासाठी वर्गणी काढताना एका हाकेवर जमणारे आपण, वीस कुटुंबांची संस्था नोंदवताना का पांगतो? सिडकोकडे अजून भूखंड शिल्लक आहेत. त्यांची पुढची निविदा निघण्याआधी अशा संस्थांचे अर्ज बेलापूरच्या सिडको भवनात पोचले पाहिजेत.