पाण्याखाली जाणारं पाणी

मार्च १९८३. ऑस्ट्रेलियात मतदान तोंडावर आलेलं. सिडनी आणि मेलबर्नच्या मोठ्या दैनिकांत तेव्हा एक पानभर जाहिरात झळकली, तीही रंगीत. काळ्या-पांढऱ्या छपाईच्या त्या काळात हीच मोठी अपूर्वाई होती. पानावर पुढाऱ्याचा चेहरा नव्हता की आश्वासनांची यादी नव्हती. पहाटेचं धुकं, त्यात विरत गेलेले वर्षावनाचे कडे, नदीच्या वळणावर पाण्यात उभा असलेला झाडोऱ्याचा खडक आणि त्याला वळसा घालून जाणारा प्रवाह. सोबत वाचकाला थेट विचारलेलं: हे नष्ट करणाऱ्या पक्षाला तुम्ही मत देऊ शकाल का?

ती जागा टास्मानिया बेटावरच्या, धरणात बुडू घातलेल्या फ्रँकलिन नदीची. वळणाचं नाव रॉक आयलंड बेंड. छायाचित्रकार पीटर डोम्ब्रोव्स्किस.

तिथवर पोचायला रस्ता नव्हता. धबधब्यांसारख्या उतारांवरून, घळींमधून होडीनेच जायचं. पीटरचा कॅमेरा लिनहॉफ बनावटीचा, चार बाय पाच इंचांच्या सुट्या फिल्मवर चालणारा. तिवई रोवायची, काळ्या कापडाखाली डोकं घालून काचेवरची उलटी प्रतिमा न्याहाळायची, मग एक फिल्म भरायची. पाऊस, शेवाळलेले दगड आणि होडी उलटण्याची भीती यांतून हे सगळं सामान कोरडं ठेवायचं. अशा कॅमेऱ्यानं भराभर टिपणं शक्यच नसतं. आधी बघावं लागतं, खूप वेळ.

धुकं या कामात मोलाचं ठरतं. उघड्या उन्हात वर्षावनाचं छायाचित्र चट्ट्यापट्ट्यांचं होतं. पानं चकाकतात, सावल्या काळ्या पडतात आणि रंगीत पारदर्शिकेच्या फिल्मला ही दोन्ही टोकं एकदम पेलत नाहीत. धुकं उजेड सगळीकडे सारखा पसरवतं. जवळचा खडक गडद राहतो, मागचा कडा फिकट होतो, त्यामागचा आणखी फिकट. सपाट कागदावर दरीची खोली उमटते ती अशी. उजेड मंद म्हणून शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं आणि तेवढ्यात वाहतं पाणी दुधाळ रेषांचं होऊन जातं. फ्रँकलिनचं पाणी मुळात कोऱ्या चहासारखं तपकिरी. वरच्या माळांवरच्या बटनग्रास नावाच्या गवतातून आणि कुजक्या पाचोळ्याच्या मातीतून झिरपताना त्यात टॅनिन उतरतं. या गडद पाण्यात संथ डोह आरसा होतो आणि फेसाची प्रत्येक वेलांटी उठून दिसते.

पण पीटरच्या कॅमेऱ्यामागे आणखी एक माणूस होता. ओलेगास ट्रुकानस हा लिथुआनियातून आलेला निर्वासित. पीटरचा जन्म १९४५ मध्ये जर्मनीत, लाटव्हियन आईबापांच्या पोटी. लहानपणीच तो आईबरोबर टास्मानियात आला. ट्रुकानस त्याचा गुरू. ट्रुकानसची नोकरी मात्र राज्याच्या जलविद्युत आयोगात होती, आणि नेमका तोच आयोग लेक पेडर बुडवायला निघाला होता.

लेक पेडर म्हणजे डोंगरांच्या कुशीतलं हिमयुगात घडलेलं तळं. त्याच्या काठाला गुलाबी छटेच्या गारगोटी वाळूची पुळण. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ती एवढी रुंद आणि टणक होई की छोटी विमानं तिच्यावर उतरत. १९५५ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९६७ मध्ये धरणासाठी तो दर्जा काढून घेतला गेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत होबार्टभोवतीच्या भीषण वणव्यात ट्रुकानसचं घर जळालं. वर्षानुवर्षांच्या पारदर्शिका राख झाल्या. माणूस खचला नाही. तो पुन्हा त्याच डोंगरांत गेला, पुन्हा तळं टिपलं आणि होबार्टच्या नगर सभागृहात पडद्यावर लोकांना दाखवलं. सभागृह गच्च भरत असे. निर्णय बदलला नाही. १९७२ मध्ये तळं बुडालं. त्याच वर्षी जानेवारीत गॉर्डन नदीवर, धरणात जाणारी दरी टिपायला निघालेला ट्रुकानस पाय घसरून प्रवाहात पडला आणि वाहून गेला. त्याचा मृतदेह शोधून काढला तो पीटरनं.

पेडरसाठी लढणाऱ्यांनी त्याच वर्षी जो राजकीय पक्ष स्थापन केला, तो जगातला पहिला हरित पक्ष मानला जातो. म्हणूनच फ्रँकलिन बुडवणाऱ्या धरणाचा घाट घातला गेला तेव्हा टास्मानियात संघटना होती, अनुभव होता आणि नदी बुडण्याच्या आधीच लोकांसमोर ठेवायला पीटरची छायाचित्रं होती. पेडरच्या वेळी निर्णय होऊन गेल्यावर पडदा उजळला होता. यावेळी चित्रं वेळेवर आली.

डिसेंबर १९८२ मध्ये सत्याग्रह सुरू झाला. कार्यकर्ते होड्यांतून बांधकामाच्या जागी जाऊन वाट अडवत. बाराशेहून अधिक जणांना अटक झाली. त्याच महिन्यात हा प्रदेश जागतिक वारसा यादीत गेला. ५ मार्च १९८३ ला बॉब हॉक यांचा मजूर पक्ष निवडून आला. दुष्काळ आणि बेकारीनं लोक आधीच हैराण होते, तेव्हा निवडणूक एका छायाचित्रानं जिंकली असं म्हणता येणार नाही. पण धरण थांबवण्याचं वचन हॉक सरकारनं पाळलं. प्रकरण न्यायालयात गेलं आणि १ जुलै १९८३ ला उच्च न्यायालयानं चार विरुद्ध तीन मतांनी केंद्राच्या बाजूनं कौल दिला. केरळच्या सायलेंट व्हॅलीतला वर्षावन बुडवणारा प्रकल्पही त्याच वर्षी सोडून देण्यात आला, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

त्या प्रसिद्ध चित्रात एक गोष्ट मात्र दिसत नाही: माणूस. निर्मनुष्य रान म्हणून जगानं फ्रँकलिन पाहिली. प्रत्यक्षात नदीकाठच्या कुटिकिना गुहेत हिमयुगातल्या, सुमारे वीस हजार वर्षांपूर्वीच्या आदिवासींची दगडी हत्यारं आणि शिकारीची हाडं मिळाली होती. न्यायालयातल्या युक्तिवादात या पुराव्याला मोठं वजन होतं. धुक्याचं सौंदर्य आणि गुहेतला पुरावा, दोन्ही एकत्र आले तेव्हा नदीची बाजू भक्कम झाली.

आजचा धोका वेगळा आहे. तो जाहिरातीतल्या एका प्रश्नात मावत नाही. टास्मानियाचं वर्षावन पश्चिमेच्या दमट वाऱ्यांवर जगतं आणि स्वतःच्या ओलाव्यानं आगीला अडवतं. तो ओलावा कमी झाला तर अडसर निघतो. जानेवारी २०१६ मध्ये पावसाविना कडाडलेल्या विजांनी तिथल्या उंच पठारावर वणवे लावले आणि हजार वर्षांहून जुनी पेन्सिल पाइनची झाडं जळून गेली. हा वृक्ष आगीनंतर सहसा पुन्हा फुटत नाही. नदीकाठचा ह्युऑन पाइन वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर जाडीनं वाढतो. इथलं नुकसान माणसाच्या आयुष्यात भरून येणारं नाही.

म्हणून धुक्यातल्या डोहाचं एक देखणं छायाचित्र आता पुरेसं नाही. तीच जागा, तेच वळण, तोच कोन, आणि दर काही वर्षांनी पुन्हा तिवई. तारीख लिहिलेली, पाण्याची पातळी टिपलेली, काठावरचं शेवाळ आणि झाडं ओळखून नोंदलेली. कुठल्याही देशातल्या, अगदी पावसाळ्यात घाटमाथ्यावर कॅमेरा घेऊन जाणाऱ्या हौशी माणसालाही हे जमण्यासारखं आहे. त्यासाठी फक्त त्या जागी परत जावं लागतं.

पीटरही परत परत जात राहिला. १९९६ मध्ये टास्मानियाच्याच डोंगरांत चित्रं काढायला गेला असताना हृदयविकारानं तो गेला. त्याची हजारो चित्रं आता ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपलेली आहेत.

आणि लेक पेडर? १९९०च्या दशकात पाण्याखाली पाहणी झाली तेव्हा गाळाच्या पातळ थराखाली जुनी पुळण आणि वाळूच्या टेकड्या बऱ्याच अंशी शाबूत आढळल्या. तळं पूर्ववत करण्याची मोहीम तेव्हापासून पुन्हा पुन्हा उभी राहिली आहे आणि आजही चालू आहे. तो दिवस उगवला तर पाणी कुठवर उतरायला हवं, काठ कुठे असायला हवा, हे ताडून पाहायला ट्रुकानसनं वणव्यानंतर पुन्हा काढलेली चित्रं हाताशी आहेत.