ओळ मोडली, शब्द गेला

गेल्या मंगळवारी एका महाविद्यालयात एमएस्सीच्या तोंडी परीक्षेला बाहेरचा परीक्षक म्हणून बसलो होतो. एका मुलीनं ई. कोलायच्या के-१२ एमजी१६५५ या वाणाचा जीनोम घेतला होता. तिनं ठामपणे सांगितलं, "सर, जीएटीसी हा शब्द यात पंधरा हजारांच्या वर आहे."

म्हटलं, १९ हजारांच्या वर हवेत. बाकीचे कुठे गेले? तिनं मार्गदर्शकांकडे पाहिलं, मार्गदर्शकांनी पंख्याकडे.

तिनं वापरली होती ग्रेप, फाइलीत शब्द शोधणारी आज्ञा. म्हणजे माझीच लाडकी, जिची भलामण ऐकून या स्तंभाचे जुने वाचक कंटाळले असतील. शेजारच्या परीक्षकांनी संधी साधली: "म्हणून म्हणतो, यासाठी रीतसर सॉफ्टवेअर असतं." तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे.

चूक दोन ठिकाणी होती. पहिली अगदी साधी. डॅश सी लावलं की ग्रेप शब्द मोजत नाही, शब्द असलेल्या ओळी मोजते. एका ओळीत तीन जीएटीसी असले तरी तिच्या लेखी एकच. त्याऐवजी डॅश ओ लावून सापडलेला प्रत्येक तुकडा सुटा काढायचा आणि पाइपमधून डब्ल्यूसीकडे मोजायला सोडायचा. (नावावर हसणाऱ्यांनी हसून घ्यावं.) हिशेबानं आकडा अठरा हजारांवर जातो. तरीही सातशेच्या आसपास कमीच पडतात, आणि माझा खरा विषय हे सातशे.

पेशवे दप्तरातला एखादा रुमाल सोडून मोडी कागद पाहिला असेल तर आठवा. आधी शिरोरेघ आखायची, मग होता होईतो लेखणी न उचलता लिहीत सुटायचं. शब्दांमध्ये जागा सोडायची नाही. कागदाची कड आली की ओळ मोडायची, मग शब्द मोडला तरी बेहत्तर. 'फड' या ओळीच्या शेवटी, 'णीस' पुढच्या ओळीच्या सुरुवातीला. मुरलेल्या मोडीवाचकाला याचं काहीच वाटत नाही, त्याचा डोळा कड ओलांडून जातो. पण समजा, दप्तरात नवा कारकून आला. भलताच आज्ञाधारक. त्याला सांगितलं, एकेक ओळ वाच, आधीची विसर, 'फडणीस' दिसला की खूण कर. कडेवर मोडलेले सगळे फडणीस तो गाळणार आणि वर शपथेवर सांगणार की एवढेच होते. कामचुकार नाही हो तो. त्याला ओळीपलीकडचं जग कुणी दाखवलेलंच नाही.

ग्रेप म्हणजे हा कारकून. आणि जीनोमची फाइल म्हणजे मोडीचाच कागद: मुळाक्षरं चार, एकूण अक्षरं ४६,४१,६५२, ना जागा ना दंड. तिच्या फाइलीत दर ८० अक्षरांवर ओळ मोडलेली होती, म्हणजे ५८,०२१ ओळी. जिवाणूला यातली एकही ओळ ठाऊक नाही. त्याचं गुणसूत्र गोल कडं आहे, त्याला कड कुठून असणार? ८० हा आकडा आयबीएमच्या १९२८ सालच्या छिद्रांच्या कार्डाचा. कार्डावरून तो टर्मिनलच्या पडद्यावर आला आणि १९८० च्या दशकात लिपमन-पिअरसन यांच्या कामातून जन्मलेल्या फास्टा नावाच्या या जीनोम-फाइलींना चिकटला. ग्रेपचं घराणंही ओळीचंच. बेल लॅबमध्ये केन थॉम्पसन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ती काढली ती ईडी नावाच्या, ओळीओळीनं चालणाऱ्या संपादकातून. कार्डाच्या कडेवर ओळीचा कारकून बसला आणि दोघांनी मिळून जिवाणूचे सातशे शब्द गिळले.

शब्द लांब असेल तर नुकसान वाढतं. चार अक्षरी शब्द कडेवर मोडण्याची शक्यता ८० त ३, म्हणजे शेकडा चारच्याही आत. आठ अक्षरी असेल तर शेकडा नऊ. ओसाकात इशिनो आणि सहकाऱ्यांना १९८७ मध्ये याच जिवाणूत २९ अक्षरांचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा दिसला होता, क्रिस्पर हे नाव त्या प्रकाराला नंतर मिळालं. तो ८० च्या ओळींत ग्रेपनं शोधायला जाल तर शंभरातले पस्तीस हातचे गेले.

उपाय एका ओळीचा आहे. ग्रेप डॅश व्हीनं मथळ्याची ओळ वगळायची, टीआर डॅश डीनं ओळतोड पुसून टाकायची, मग खुशाल शोधायचं. मथळा विसरलात तर 'कम्प्लीट जीनोम' ही अक्षरंसुद्धा जिवाणूच्या अंगाला चिकटतात, तेवढं सांभाळा.

जीएटीसी निदान सरळ स्वभावाचा. 'तो कवी डालडा विकतो' उलटं वाचलं तरी तेच, तसा हा समोरच्या धाग्यावर वाचला तरी जीएटीसीच. फरक इतकाच की तिथे उलटताना ए-टी आणि जी-सी यांची अदलाबदलही होते. पण 'काय' नावाचा आठ अक्षरी शब्द (हो, नावच काय आहे) जीसीटीजीजीटीजीजी असा आहे. तुटलेला डीएनए सांधणारं यंत्र तो वाचून वागणूक बदलतं. दुसऱ्या धाग्यावरचे काय शोधायचे तर आपल्या फाइलीत सीसीएसीसीएजीसी शोधावं लागतं. दोन्ही मिळून ते हजाराच्या थोडे वर भरतात. निव्वळ योगायोगानं दीडशेसुद्धा भरले नसते. एकाच धाग्यावर थांबणाऱ्याला निम्मे काय कधी भेटतच नाहीत.

आता ते रीतसर सॉफ्टवेअर. माझा अनुभव असा की बटणवाल्या सॉफ्टवेअरची चूक सापडत नाही, कारण ती रंगीत असते. पुरावा मागू नका, नाही माझ्याकडे. पण ग्रेपची चूक त्या मुलीला फळ्यावर दहा मिनिटांत समजली, कारण आज्ञा चार शब्दांची होती आणि चारही शब्द आमच्या समोर होते. एक्सेलबद्दल पुन्हा बोलणार नाही असं मी गेल्या वेळी कबूल केलं होतं. तरी एवढंच म्हणतो की त्यानं सेप्ट-२ या जनुकाची २ सप्टेंबर केली आणि २०२० मध्ये बदलावी लागली ती माणसाच्या जनुकांची नावं, एक्सेल नव्हे.

शुक्रवारी मुलीचा फोन आला. ओळतोड पुसल्यावर आकडा १९ हजारांच्या वर गेला होता. आवाजात हुशारी होती. "सर, एक राहिलं. गुणसूत्र गोल आहे ना? मग फाइलीचा शेवट आणि सुरुवात जोडल्यावर सांध्यावर एखादा असेल तर? पहिली तीन अक्षरं शेवटी चिकटवून पुन्हा ग्रेप चालवू का?"

मी विचारलं, फाइल सुरू कशानं होते?

तिनं पाहिलं. "ए, जी, सी."

"मग सांध्यावर जीएटीसी जुळायला पलीकडे काय लागेल?"

ती थोडा वेळ गप्प होती. "एटीसी, नाहीतर टीसी, नाहीतर सी. म्हणजे नाहीच जुळणार. सर, याला ग्रेपसुद्धा नको."