पुसलेले तेल



पावसाळा सरल्यावर आम्ही आमची बारा वर्षांची मोटारसायकल विकायला काढली. औंढे ते लोणावळा, शाळा, बाजार, दवाखाना, सगळे तिच्यावरच झाले. घ्यायला आला तो आमचाच जुना विद्यार्थी. आता पहाटे घरोघर दूध घालतो. सीटवर हात फिरवून म्हणाला, "सर, तुमची गाडी म्हटल्यावर बघायचं काय?"

ते वाक्य आम्हाला टोचले. तो येण्याच्या दहाच मिनिटे आधी आम्ही पुढच्या शॉकअपवरून फडका फिरवला होता. डाव्या नळीवर तेलाचा ओघळ येत होता आणि दोन महिने आम्ही तो रोज पुसत होतो. "पंधरा दिवसांनी ये," एवढेच त्याला सांगून आत आलो. मुलांची अम्मी म्हणाली, "फडका बघितला मी." पुढे ती काही बोलली नाही, आणि गरजही नव्हती. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा दाखवणाऱ्या प्रेषितांची (स.) हदीस आम्ही मुलांना कितीदा सांगितली आहे! तिथेही धान्य पावसानेच भिजले होते. चूक भिजण्याची नव्हती, झाकण्याची होती.

आता हे तेल येते कुठून ते पाहू. पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकात एक सरकणाऱ्या नळ्या असतात. आत स्प्रिंग आणि तेल. स्प्रिंग हादरा झेलते, तर बारीक छिद्रांतून जाणारे तेल तिची उसळी आवरते. 1935 साली बी.एम.डब्ल्यू.च्या आर-12 या गाडीवर ही तेलाची रचना आली, आणि आज आपल्या दारातल्या मोटारसायकलीतही तीच आहे. तेल आत राखते ती रबराची एक कडी, ऑइल सील. तिच्यावर धूळ अडवणारे डस्ट सील.

आमच्या भागात या रबराचे फार हाल होतात. लोणावळ्याचा पाऊस वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात. चिखल नळीवर उडतो, वाळतो, आणि पुढच्या खड्ड्याला नळी तोच खरबरीत थर घेऊन सीलमध्ये शिरते. गंजाचे ठिपके पडतात ते वेगळेच. गळणारे तेल ओघळून डिस्कवर किंवा ब्रेकच्या पॅडवर गेले तर ब्रेक धरत नाही. पहाटेची वेळ, ओला उतार आणि गाडीला दुधाचे कॅन. हे चित्र डोळ्यांपुढे आल्यावर फडका खाली ठेवावाच लागला.

रविवारी आठवीतल्या धाकटीला मदतीला घेतले. पहिला उपाय बिनखर्चाचा. डस्ट सील पेचकसने हलकेच सोडवून वर घेतले. जुन्या एक्स-रेची पातळ पट्टी कापून तिच्या टोकाला आकडा केला आणि नळी व सील यांच्या मधून गोल फिरवली. काळी रेती बाहेर आली. कित्येकदा एवढ्यानेच गळती थांबते. आमची दोन दिवस थांबली, तिसऱ्या दिवशी ओघळ परत हजर. मग गाडीचे मॉडेल सांगून सीलची जोडी, शॉकअपचे तेल आणि तांब्याचे वॉशर आणले.

पुढच्या रविवारी गाडी मेन स्टँडवर घेऊन इंजिनखाली लाकडी ठोकळा दिला. चाक काढण्याआधीच नळीच्या तळाचा अॅलन बोल्ट आणि वरचे झाकण थोडे सैल करून ठेवावे, नंतर ते सहज सुटत नाहीत. ब्रेकचे कॅलिपर होजवर लोंबू न देता तारेने बांधले. डिस्क निघाल्यावर ब्रेक दाबायचा नाही, हे धाकटीला दोनदा बजावले. वरच्या झाकणाखाली दाबलेली स्प्रिंग असते. ते उघडताना वर कापड धरावे आणि तोंड बाजूला ठेवावे. आतून निघालेले तेल काळेकुट्ट होते. ते डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे दिले. गटारात ओतले असते तर मावळातल्या ओढ्यांचे पाणी शेवटी इंद्रायणीला किंवा पवनेलाच मिळते.

नळी पुसून धाकटीने तिच्यावरून नख फिरवले. "अब्बा, इथं अडकतंय." डोळ्यांना दिसले नव्हते, पण गंजाने एक बारीक खळगा पडला होता. अशी खरबरीत कड नवे सीलही फाडते. अगदी बारीक पॉलिश पेपर तेलात भिजवून कड गुळगुळीत केली. खळगा मात्र राहिलाच. तो मोठा असता तर नळी बदलणे हाच मार्ग होता.

जुने सील उचकटताना केसची कड ओरबाडू नये म्हणून मध्ये लाकडाची चपटी काडी ठेवली. नवे सील तेलाने माखून, स्प्रिंगची बाजू खाली ठेवून, वर जुने सील टेकवले आणि त्याच मापाच्या पी.व्ही.सी. पाइपच्या तुकड्याने हळूहळू सरळ ठोकले. तिरके गेले की कष्ट वाया. लॉक बसवले, तळाला नवे वॉशर घातले. तेल मात्र गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने, दोन्ही नळ्यांत सारखेच. चाक चढवल्यावर शॉकअप चार-सहा वेळा दाबून मगच सगळे बोल्ट आवळले. तेल लागलेले ब्रेकचे पॅड नवेच घातले आणि डिस्क ब्रेक क्लीनरने धुतली. निघण्याआधी ब्रेकचा दांडा घट्ट होईपर्यंत दाबून घेतला.

एक सांगायचे राहिले. तळाचा बोल्ट नुसताच फिरू लागला किंवा नळी वाकलेली दिसली, तर घरी झटापट करू नये. सरळ मिस्त्रीकडे जावे. त्यात कमीपणा नाही.

ठरलेल्या दिवशी तो मुलगा आला. आम्ही त्याच्या हातावर दोन्ही जुने सील ठेवले, नळीवरचा खळगा नखाने दाखवला आणि सांगितले, "सध्या कोरडी आहे. पण या ठिकाणी पुढंमागं परत गळू शकते. पहाटे निघताना एकदा बोट फिरवून बघत जा."

त्याने खळग्यावर नख फिरवले, थोडा विचार केला आणि म्हणाला, "मग सर, पाचशे कमी करा."

आम्ही केले. अलहम्दुलिल्लाह, त्या रात्री झोप चांगली लागली. आणि आमचा विद्यार्थी गाडी बघून घ्यायला शिकला, हेही बरेच झाले.