‘खंड’ शिकविताना

प्राथमिक वर्गाला आफ्रिका शिकविणे म्हणजे पंचवीस-तीस शब्द पाठ करून घेणे, अशी आमची अनेक वर्षे समजूत होती. पाचवीतल्या एका मुलाने ती मोडली. ‘खंड म्हणजे काय?’ या प्रश्नावर तो उठून म्हणाला, ‘मालकाला द्यायची पोती, सर.’ वर्ग हसला, आम्हीही हसलो. त्याचे वडील दुसऱ्याचे शेत खंडाने करीत होते. त्याचे उत्तर चुकीचे नव्हते. पुस्तकातले खंड मात्र त्याच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते.

‘वाळवंट’ म्हणताच नदीकाठच्या मुलांना आपल्या गावची वाळू दिसते. ‘विषुववृत्ता’तले वृत्त त्यांना बातम्यांतले वाटते. म्हणून आधी वस्तू आणि मग शब्द, या मताचे आम्ही झालो आहोत. पृथ्वीगोलावर तीन दोरे गुंडाळले, की कर्कवृत्त, विषुववृत्त व मकरवृत्त ही तिन्ही एकट्या आफ्रिकेतूनच जातात, हे मूल स्वतःच सांगते. भिंतीवरच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेच्या तोडीचे भासते. गोलावर कागद ठेवून पाहिले, की आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट भरते.

काही शब्द मात्र अवघड नसतात, विषारी असतात. ‘अंधारे खंड’ हा त्यांपैकी एक. हेन्री स्टॅन्ले याच्या १८७८ च्या प्रवासग्रंथाच्या शीर्षकामुळे तो जगभर रुळला. आम्हीही तो शिकविला, एका गुणाची रिकामी जागा म्हणून परीक्षेत घातला. अंधार नेमका कोणाच्या डोळ्यांपुढे होता, हा प्रश्न इतिहासाचे एम. ए. असूनही आम्हाला सुचला नाही. पुढे वसतिगृहात एका सावळ्या मुलाला सोबती ‘आफ्रिका’ म्हणून हाक मारू लागले. ज्यांच्या आजोबांना गावाने स्वतःच्या नावाने कधी हाक मारली नाही, त्यांचीच ही नातवंडे. ती हाक आमच्याच फळ्यावरून तिथे गेली होती.

तो शब्द आम्ही टाकला. लिव्हिंग्स्टनने १८५५ मध्ये व्हिक्टोरिया धबधब्याचा ‘शोध लावला’ असेही आता सांगत नाही. त्याने तो पाहिला आणि आपल्या राणीचे नाव दिले. तिथल्या लोकांनी त्याला आधीच मोसी-ओआ-तुन्या, म्हणजे गर्जणारा धूर, असे नाव दिलेले होते. मुलांना हेच नाव अधिक आवडते. (उच्चार करताना वर्गात जो गलका होतो, तो आम्ही होऊ देतो.)

इथिओपिया नकाशावर दाखविताना आम्ही मलिक अंबरचे नाव घेतो. १६१० मध्ये खडकी वसविणारा, तिला नहरीचे पाणी देणारा, निजामशाहीचा हा वजीर तिकडचा. यंदा मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, ‘सर, तो एवढ्या लांब आला कसा?’

शब्दसूचीत नसलेला शब्द आम्ही फळ्यावर लिहिला : गुलाम. त्या दिवशी तास संपल्याची घंटा झाली, तरी वर्ग उठला नाही.